चौदावं उदाहरण

विभागप्रमुख देशमाने सरांनी पाच पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली. चमकीच्या कागदात बांधा म्हणाले, वर लाल फीत लावा, आणि गाठ अशी मारा की पाहुण्यांनी ओढली की सुटली पाहिजे. मागच्या वर्षी स्टेजवर कात्री शोधायची वेळ आली होती, ते त्यांच्या लक्षात होतं. कार्यक्रम अकराला होता. साडेदहाला ताट तयार ठेवा, एवढं सांगून ते गेले.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. ब्युरेट धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या भरायच्या, प्रॅक्टिकलला मुलांसमोर नळ्या मांडायच्या. आणि कॉलेजात काही समारंभ असला की टेबलावरचं कापड, समई, हार, नारळ हेही माझ्याकडंच. त्या दिवशी विज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि त्यातच सरांच्या पुस्तकाचं प्रकाशन. जानेवारी महिना होता. माझी बायको शालन सप्टेंबरात गेली. चार महिने झाले होते.

मी कागद कापून ठेवला आणि पहिलं पुस्तक हातात घेतलं. कव्हरवर लिहिलं होतं, ‘सेंद्रिय संयुगांना नावे कशी द्यावीत’. खाली सरांचं नाव, त्यांच्या पदव्या. पुस्तक बांधायच्या आधी मी सहज उघडलं. पहिल्याच पानावर होतं :

‘नाव असे हवे की ज्याने ते संयुग कधी पाहिले नाही, त्यालाही नुसत्या नावावरून त्याचे चित्र काढता आले पाहिजे. आधी सर्वांत लांब साखळी शोधा. ती सरळच असेल असे समजू नका. गावातला मोठा रस्तासुद्धा वळतो. मग ज्या टोकाकडून पहिली फांदी लवकर लागते, त्या टोकाकडून मोजायला लागा.’

ही वाक्यं मी माझ्या हातानं लिहिली होती. शालन सांगत होती आणि मी लिहीत होतो.

ते कसं, ते सांगतो. मी दहावी. शालन लग्न होऊन आली तेव्हा बारावी सायन्स झालेली होती आणि पुढं शिकायचं ही तिची एकच अट होती. मी कॉलेजात चिकटलो आणि तिनं त्याच कॉलेजात बीएस्सी केलं, मग कोल्हापूरला जाऊन एमएस्सी. त्यानंतर आमच्याच कॉलेजात अकरावी-बारावीला रसायन शिकवायला लागली. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच नातं. एप्रिलमध्ये संपलं, जुलैमध्ये परत अर्ज करायचा. अशी एकोणीस वर्षं. ऑफिसातले लोक गमतीनं म्हणायचे, लोहारांच्यात नवरा कायम आणि बायको हंगामी. ती हसायची. मला हसू यायचं नाही.

आमच्याकडची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. अकरावीला आली की सगळं इंग्रजी, आणि त्यात ही संयुगांची लांबलचक नावं. पोरं घाबरून आर्ट्सला जायची. म्हणून शालननं मराठीत नोट्स काढल्या. तेव्हा झेरॉक्स सगळीकडं झालेलं नव्हतं. मेणाच्या स्टेन्सिल कागदावर लोखंडी लेखणीनं कोरायचं आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून कोरायचं काम माझं. शेहेचाळीस पानं, शिवून वही केलेली. रोज कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघं प्रयोगशाळेत मागं थांबायचो.

मी पुस्तकाची पानं उलटत गेलो. तीच वाक्यं. तेच प्रश्न. क्रमही तोच. बाविसाव्या पानावर चौदावं उदाहरण आलं आणि मी थांबलो.

चौदाव्या उदाहरणाच्या चित्राखाली नाव होतं ३-मिथाइलहेक्झेन. हेक्झेन म्हणजे सहा. साखळीत सहा कार्बन पाहिजेत आणि तिसऱ्यावर एक फांदी. चित्रात पाच होते.

ती चूक माझी होती. शालननं कच्च्या कागदावर बरोबर काढून दिलं होतं. कोरताना मला दिसलं की सी-एच-टू, सी-एच-टू असं शेजारीशेजारी दोनदा आलंय. मला वाटलं, दमलीय, चुकून दोनदा लिहिलं. मी तिची चूक सुधारली. एक गाळला. दोनशे प्रती निघाल्यावर तिच्या लक्षात आलं. मला चांगलंच सुनावलं तिनं. तुम्ही एक कार्बन काढलात की ते दुसरंच काहीतरी होतं अहो, हे काय चहातली साखर कमी केल्यासारखं आहे का, म्हणाली. पण स्टेन्सिल परत कोरायला कागद नव्हता, म्हणून त्या वर्षी ते तसंच राहिलं. आणि मग दरवर्षी राहिलं, कारण तिला त्याचा उपयोग सापडला. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात ती मुलांना म्हणायची, ह्या नोट्समध्ये एक चूक आहे, शोधा. मुलं शेहेचाळीस पानं बोट ठेवून मोजत बसायची. चूक सापडेपर्यंत त्यांना नावं द्यायला आलेलं असायचं.

आता ती चूक छापून आली होती. आर्ट पेपरच्या कव्हरात, देशमाने सरांच्या नावानं.

मी पुस्तक घेऊन ऑफिसात गेलो. हेडक्लार्क गफूर मुलाणी माझ्याबरोबरच लागलेला, माझा जवळचा माणूस. मी त्याच्यापुढं पुस्तक ठेवलं आणि शालनच्या नोट्सची एक जुनी प्रत, जी माझ्या कपाटात होती, तीही ठेवली. त्यानं दोन्ही उघडून बघितलं. दार लावून घेतलं. हे मला दीड महिन्यापूर्वीच कळलं होतं म्हणाला, प्रेसवाला आला होता. मला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘सदाभाऊ, सहा वर्षं नोकरी राहिलीय तुमची. गोपनीय अहवालावर सही त्यांचीच असते. वहिनी तर गेल्या. पुस्तकावर नाव घालून त्या परत येणार आहेत का?’’

मी म्हणालो, ‘‘गफूर, तुझ्या आईच्या कबरीच्या दगडावरचं नाव उद्या कुणी खोडलं तर ती परत येणार नाही म्हणून तू बघत बसशील का?’’

असं बोलायला नको होतं. त्याचा चेहरा पडला. पण मी माफी मागायला थांबलो नाही.

देशमाने सर केबिनमध्ये भाषणाचा कागद वाचत होते. त्यांनी बसा म्हणून खूण केली. मी बसलो नाही. पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, हे शालनचं आहे.

त्यांना धक्का बसल्यासारखं काही दिसलं नाही. कागद बाजूला ठेवला, चष्मा काढला, आणि वर्गात समजावतात तसं समजावायला लागले. तुमचं दुःख मला कळतं म्हणाले. मग म्हणाले, ‘‘पण लोहार, हे शास्त्र आहे, कविता नाही. नावं द्यायचे नियम जगभर एकच. संयुग समोर ठेवलं की तुमच्या मिसेसनी नाव दिलं तरी तेच येणार, मी दिलं तरी तेच, जपानमधल्या माणसानं दिलं तरी तेच. मग ह्यात त्यांचं काय आणि माझं काय?’’

‘‘बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येतं, सर. चूक कशी सारखी आली?’’

‘‘कसली चूक?’’

मी बाविसावं पान उघडून दिलं. त्यांनी पेनच्या टोकानं मोजलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्यांची मान लाल झालेली मला दिसली. एवढं मोठं रसायनशास्त्राचं विभागप्रमुखपद, आणि आपल्या नावानं छापलेलं पुस्तक ह्या माणसानं आतून वाचलंच नव्हतं. वही प्रेसला दिली आणि चित्रं तशीच्या तशी उचलायला सांगितली, एवढंच केलं होतं.

‘‘ही चूक मी केलेली आहे,’’ मी म्हणालो. ‘‘ह्या हातानं. तेव्हा तुम्ही ह्या कॉलेजात नव्हता.’’

सरांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला. फायलीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला. ‘‘मी चोरी केलेली नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मॅडमनी स्वतः आणून दिलंय. वाचा.’’

शालनचं अक्षर मला लांबूनही ओळखू येतं. पत्र चारच ओळींचं होतं. ‘आदरणीय सर, आपण मागे विचारले होते ती नोट्सची वही सोबत देत आहे. आपणास योग्य वाटेल तसा उपयोग करावा, माझी हरकत नाही. या महिन्यातील मुलाखतीच्या वेळी माझ्याकडे लक्ष असावे ही विनंती. आपली नम्र.’ खाली सही.

जूनमध्ये संस्थेनं एक कायम जागा काढली होती. रसायनाची. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. शालनचं दुखणं एप्रिलमध्येच कळलं होतं, मिरजेला दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, तरी ती साडी नेसून मुलाखतीला गेली. पॅनेलवर देशमाने सर होते. तिला पाच मिनिटांत बाहेर पाठवलं. जागा अध्यक्षांच्या पुतणीला गेली, जिनं एकही वर्ग घेतला नव्हता. ते मला माहीत होतं. वही दिल्याचं माहीत नव्हतं. शालननं आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही, असं मी चारचौघांत सांगत असे.

‘‘तुम्ही लक्ष दिलं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘ते संस्थेच्या हातात असतं. माझ्या एकट्याच्या मतानं काय होतं?’’

‘‘मग वही परत का दिली नाही?’’

त्यांनी दुसरंच काढलं. आवाज खाली आणला. म्हणाले, ‘‘लोहार, विचार करा. तुम्ही बोललात तर मला हे पत्र दाखवावं लागेल. बाई आता नाहीत. त्यांच्या मागं लोकांनी म्हणावं का, नोकरीसाठी पुस्तक विकलं म्हणून? माझं सोडा. त्यांची अब्रू सांभाळा.’’

मला जेवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता तेवढा तेव्हा आला. आणि सगळ्यात वाईट हे की पहिला राग त्यांच्यावर नव्हता. शालनवर होता. काय म्हणून लिहिलंस हे? ह्या माणसाला? नम्र?

मी पत्राची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. सर अर्धे उठले आणि हात पुढं केला. ते इथं ठेवा म्हणाले.

‘‘दाखवा की, सर. सगळ्यांना दाखवा,’’ मी म्हणालो. ‘‘ह्यात तिनं काय मागितलं ते दिसतं. तुम्ही काय घेतलंत तेही दिसतं.’’

त्यांचा हात तसाच राहिला. पत्र पुन्हा मागायचं धाडस त्यांना झालं नाही. आपण आपल्याच हातानं केवढा पुरावा दिला, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

मी प्रयोगशाळेत आलो. साडेदहाला दहा मिनिटं कमी होती. मी पाचही पुस्तकं व्यवस्थित बांधली. फिती लावल्या. एका ओढीत सुटतील अशा गाठी मारल्या. मला नेमकं काय करायचं ते तेव्हाही ठरलेलं नव्हतं. फक्त एवढं ठरलं होतं की पत्र लोकांपुढं वाचायचं नाही. देशमाने एका गोष्टीत बरोबर होते. ते पत्र मी वाचलं असतं तर पुस्तकावर तिचं नाव आलं असतं आणि त्याच दिवशी तिची बदनामीही गावभर झाली असती.

हॉल भरलेला होता. पुढं बारावीची मुलं, ज्यांना शालननं आदल्या वर्षी अकरावीला शिकवलं होतं. स्टेजवर प्राचार्य, देशमाने सर आणि विद्यापीठातून आलेले सरनाईक सर, निवृत्त प्राध्यापक, काठी घेऊन चालणारे. भाषणं झाली. देशमाने सर बोलले, पण नेहमीपेक्षा थोडक्यात. त्यांची नजर सारखी दाराकडं, मी ताट घेऊन उभा होतो तिकडं. मग माइकवरून पुकारलं, पुस्तकं आणा.

मी ताट घेऊन वर गेलो. सरनाईक सरांनी एक पुस्तक उचललं, फीत ओढली, कागद काढला. फोटोग्राफर पुढं आला. सगळ्यांनी पुस्तक छातीशी धरलं. फोटो निघाला आणि टाळ्या झाल्या. रीतीप्रमाणं मी इथं मागं सरायचं असतं. मी सरलो नाही. मी सरनाईक सरांना म्हणालो, ‘‘सर, बाविसावं पान बघता का? चौदावं उदाहरण.’’

माइक त्यांच्यापुढंच होता, त्यामुळं ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. प्राचार्यांनी मला दंडाला धरलं. पण सरनाईक सर म्हातारे मास्तर. पान बघा म्हटल्यावर त्यांनी पान बघितलंच. बोट ठेवून मोजलं.

‘‘साखळी पाचाची दिसतेय,’’ ते म्हणाले. ‘‘हेक्झेन कसं?’’

ते देशमाने सरांना विचारत होते. पण उत्तर खालून आलं. बारावीच्या बाकांवरून पाचसहा मुलं एकदम बोलली. एक मुलगी तर उभीच राहिली. ‘‘सर, चित्रात एक कार्बन कमी आहे. ती लोहार मॅडमच्या नोट्समधली चूक आहे. त्या पहिल्या आठवड्यात शोधायला लावायच्या.’’

सरनाईक सरांनी विचारलं, कोण लोहार मॅडम?

मग मी सांगितलं. माइकजवळ जाऊन सांगितलं, कारण माझा आवाज बारीक आहे. मी म्हणालो, मी सदाशिव लोहार, इथला परिचर. शालन लोहार माझी बायको. हे पुस्तक तिनं लिहिलं. ती चूक मात्र तिची नाही. मी दहावी शिकलेला, मला वाटलं तिनं एकच गोष्ट दोनदा लिहिली, म्हणून मी एक कार्बन गाळला. ज्यानं पुस्तक लिहिलं असतं त्याला ही चूक माहीत असती. देशमाने सरांना ती आज सकाळी माझ्याकडून कळली.

एवढंच बोललो. मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला होता आणि देशमाने सर तिकडंच बघत होते. सरनाईक सरांनी पुस्तक बंद केलं आणि परत त्या चमकीच्या कागदावर ठेवलं. मी ह्याचं प्रकाशन केलेलं नाही, असं ते प्राचार्यांना म्हणाले, काठी घेतली आणि खाली उतरले.

मला मेमो मिळाला. समारंभात शिस्तभंग केला म्हणून. चौकशी झाली, सेवापुस्तकात ठपका आला. त्याचं मला काही वाटलं नाही. पंधरा दिवसांनी देशमाने सरांनी निरोप पाठवला, दोघांची नावं घालू. मी म्हणून पाठवलं, चालेल, पण मग प्रस्तावनेत ते पत्रही छापा. त्यानंतर निरोप आला नाही. जुलैमध्ये पुस्तक नव्यानं छापून आलं. कव्हरवर एकच नाव होतं, शालन सदाशिव लोहार. देशमाने सर त्याच वर्षी संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात गेले. गफूरनं पुस्तकाच्या दहा प्रती घेतल्या आणि माझ्याशी परत बोलायला लागला.

लोक म्हणाले, लोहारानं बायकोसाठी करून दाखवलं. सतरा वर्षं झाली, अजून म्हणतात. मी काही बोलत नाही.

ते पत्र मी त्या दिवशी घरी आल्यावर दुपारी परत वाचलं. केबिनमध्ये रागात मी फक्त मजकूर वाचला होता. वर तारीख होती. बारा जून.

अकरा जूनला गफूरनं मला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं की जागा निघाली आहे आणि बाकीचे सगळे उमेदवार सरांकडं जाऊन भेटून आलेत. मी घरी आलो तर शालन खाटेवर बसून अकरावीच्या फेरपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होती. सकाळपासून पोटात अन्न ठरत नव्हतं तिच्या. मी चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. तू भेटून आलीस का म्हणून विचारलं. ती म्हणाली, त्यांना माझं काम माहीत आहे, इतकी वर्षं बघतायत. मी ओरडलो. शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडलो. म्हणालो, एकोणीस वर्षं झाली आणि तू अजून अर्ज करतेस. तुझ्या शिक्षणाचा काय उपयोग झाला? तुला मागायला येत नाही. तोंड उघडल्याशिवाय कोण कुणाला देतं?

तिनं पेपर बाजूला ठेवले, हळूहळू उठली आणि मला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली.